शेवटच्या विहिरीचा नंबर

बद्रीनाथच्या हाताला चूक ठाऊक नाही, असं जालन्याच्या एमआयडीसीत म्हणत, आणि बद्रीनाथला ते ऐकायला आवडायचं. बियाण्याच्या कंपन्यांसाठी त्यानं बी मोजणारं यंत्र केलं होतं. वरून सरकीचं बी पडायचं, मध्ये उजेडाची तिरीप असायची, आणि दाण्यागणिक आकडा पुढं सरकायचा. एका मॅनेजरला विश्वास बसेना. त्यानं एक पाकीट फोडून चार माणसांकडून बी मोजून घेतलं. माणसांचे चार वेगळे आकडे आले. यंत्रातून तेच बी चार वेळा सोडलं, तर चारही वेळा एकच आकडा. मॅनेजर म्हणाला, "यंत्र राहू द्या, माणसं बदलू." हा किस्सा बद्रीनाथ आल्यागेल्याला सांगायचा. प्रभावतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो तोंडपाठ झाला होता. पाहुणा टेकला की ती चहा ठेवायला उठायची.

एक्याऐंशी साली औरंगाबादहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन तो आपल्या गावी, शेलवाडीला आला, तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "म्हंजे आता तुला नेमकं काय येतंय?" तो म्हणाला, रेडिओ दुरुस्त करता येतो. घरातला रेडिओ तर धडधाकट होता. गावात त्याच्या विद्येची किंमत एकट्या भुजंगमामाला कळली. भुजंगमामा म्हणजे गावचा लाइनमन. नात्यानं मामा नव्हे, पण वाटूर फाट्यापासून शेलवाडीच्या शिवारापर्यंत खांब रोवून तार ओढली ती त्यानं, त्यामुळं अख्ख्या गावाचा तो मामा. बद्रीनाथ जालन्याला निघाला, तेव्हा मामानं आपल्या खिशातला टेस्टर बद्रीनाथच्या हातावर ठेवला. "करंट दिसत न्हाई बद्री. जे दिसत न्हाई त्याला जास्त मान द्यावा लागतोय," असं म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

जालन्यात रेडिओ-टीव्हीच्या दुकानात तीन वर्षं, मग पुण्यात वजनकाट्यांच्या कारखान्यात सात वर्षं. तिथं त्याला पहिल्यांदा अशी चिप भेटली, जिला सांगावं ते ती करते आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नाही. हे कळल्यावर बद्रीनाथला माणसांपेक्षा चिप बरी वाटायला लागली. हे काही बरं लक्षण नव्हे. पण त्या धंद्यात पडलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. एक्याण्णवला तो परत आला, जालन्यात शेड घेतलं आणि स्वतःची यंत्रं करायला लागला. आधी बी मोजायचं यंत्र, मग लोखंडाच्या भट्टीचं तापमान दाखवणारी पेटी, आणि शहाण्णव साली ऑटो.

ऑटो म्हणजे विहिरीवरची मोटर आपोआप चालू करणारी पेटी. लाइट कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नाही. आली की शेतकऱ्यानं गावातून मळ्यापर्यंत चालत जायचं, स्टार्टरचं बटण दाबायचं, आणि घरी येऊन टेकतो न टेकतो तोच ती परत जायची. ऑटो लावला की हा ताप मिटला. लाइट आली की पेटी साठ सेकंद थांबायची, कारण सुरुवातीला करंट वरखाली होतो, आणि मग मोटर चालू करायची. बाजारात दुसरे ऑटो होतेच. पण त्यांना साठ सेकंदांचा नुसता अंदाज. कोणी चाळिसात उडी मारायचा, कोणी ऐंशीपर्यंत झोपायचा. बद्रीनाथनं आपल्या पेटीत घड्याळात असतो तसा क्रिस्टल बसवला. साठ म्हणजे साठ. टेबलावर पेटी ठेवून, हातात घड्याळ धरून तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा.

शेलवाडीच्या मळ्यात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सतरा मोटरी होत्या. पहिला ऑटो घेतला पुंजारामदादानं. हा बद्रीनाथचा चुलतभाऊ, गावातली बडी असामी, विहीर डीपीला लागूनच. त्याचं बघून दुसऱ्यानं घेतला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. सत्त्याण्णवच्या दिवाळीपर्यंत सतराच्या सतरा विहिरींवर बद्रीचा ऑटो बसला. गावानं पोराचं कौतुक केलं, नारळ दिला, टोपी घातली.

आणि दिवाळीनंतर दोन महिन्यांत डीपी दोनदा जळाली.

जानेवारीत पुंजारामदादाचा फोन आला. "बद्री, तुझे ऑटो बराबर हायेत ना? लाइट आली की फ्यूज उडून राह्यला. तिसरी डीपी बसवलीय, पर गहू कधी भिजायचा?"

"ऑटोचा नि फ्यूजचा काय संबंध, दादा?" बद्रीनाथ म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वाटूरची बस धरून निघाला.

डीपीपाशी दहा-बारा माणसं उभी होती. भुजंगमामा खांबाला टेकून तंबाखू मळत होता. त्याला निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते, आणि बोलणं आधीच निम्म्यावर आलं होतं. दहा वाजता लाइट आली. बद्रीनाथनं सवयीनं घड्याळात पाहिलं. शिवार शांत होतं. कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. पन्नास. पंचावन्न. साठ.

खाट्!

सतरा विहिरींवरचे सतरा स्टार्टर एका ठोक्यात बसले. पुढं नाही, मागं नाही. असा आवाज बद्रीनाथनं आयुष्यात ऐकला नव्हता. डीपीनं एक मोठा हुंकार दिला, आतून तेल खदखदलं, आणि काळा धूर निघाला. फ्यूज उडालाच नाही. उडाला असता तर डीपी वाचली असती.

बद्रीनाथला त्या क्षणी सगळं कळलं. मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे त्यानं पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं होतं. एक मोटर ओढते, सतरा ओढतात, पण मागंपुढं ओढतात म्हणून डीपी निभावते. पूर्वी माणसं गावातून चालत यायची. कोणी चपळ, कोणी म्हातारा, कोणी वाटेत बिडी ओढणारा. त्या चालण्यातच डीपीचा जीव होता. ते चालणं बद्रीनाथनं काढून टाकलं आणि सगळ्यांना एकच बिनचूक साठ दिला. अंदाजाचे ऑटो असते तर कोणी चाळिसाला, कोणी ऐंशीला लागला असता आणि डीपी अजून दहा वर्षं चालली असती. त्यानं आजवर हजारभर पेट्या टेबलावर तपासल्या होत्या, पण एकेकटी. सतरा पेट्या एकदम लावून बघायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

लोकांनी मात्र फ्यूजची पेटी उघडली. आत फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी चांगली जाडजूड तार पिळून बसवलेली. "बघा! ही जाड तार! म्हणून जळाली!" पुंजारामदादा ओरडला. "मामा, ही काय करामत?"

ती करामत कोणाची हे तिथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. फ्यूज रोज उडायला लागल्यावर, रोज कुठं मामाची वाट बघायची म्हणून, पुंजारामदादानंच ती तार बसवली होती. पण डीपीची पेटी लाइनमनच्या ताब्यात, म्हणजे दोषही लाइनमनचा. भुजंगमामानं तारेकडं पाहिलं. मग एकदा पसरलेल्या शिवाराकडं पाहिलं, एकदा बद्रीनाथकडं. तंबाखू तोंडात टाकली आणि फ्यूजची पेटी बंद केली.

त्याच दिवशी तीन डीप्या जाळल्याचा ठपका ठेवून भुजंगमामाला घरी बसवलं. चौकशीला वरचे साहेब अकरा दिवसांनी येणार, असं कळलं. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, एकही डाग नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत हे.

आता बद्रीनाथ काही खोटारडा नव्हता. पण जाफराबादच्या दुकानदारानं दोनशे ऑटोंची मागणी नोंदवली होती, पिंपळगाव रेणुकाईहूनही विचारणा होती, आणि 'हाताला चूक ठाऊक नाही' हे एवढंच त्याचं भांडवल होतं. बद्रीच्या ऑटोनं डीपी जाळली, हे एकदा तोंडातून निघालं की एसटीच्या आधी गावोगाव पोचलं असतं. त्याला भीती वाटली.

इलाज दुसऱ्याच दिवशी तयार झाला. प्रोग्राममधला एक आकडा तर बदलायचा. प्रत्येक पेटीला वेगळा वेळ दिला की काम झालं. त्यानं सतरा चिपा नव्यानं भरल्या, त्यांवर, डीपीपासून मोजत, एक ते सतरा नंबर टाकले आणि जेवणाच्या डब्यात मांडून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डबा टेबलावर. पाचव्या दिवशीही टेबलावर. आठव्या दिवशी प्रभावतीनं विचारलं, "काय झालंय तुमाला? जेवताना भिंतीकडं काय बघून राह्यले?" तो म्हणाला, काही नाही, नवीन डिझाइन डोक्यात आहे.

दहाव्या दिवशी त्याला युक्ती सुचली. युक्ती म्हणजे, मनात पाप आलं की माणूस त्याला जे नाव देतो ते. दुरुस्तीच्या बहाण्यानं गुपचूप सतराही चिपा बदलायच्या. नवी डीपी बसेल, ती जळणार नाही, सगळं थंड होईल. जाड तारेचं काय व्हायचं ते होईल. ती काही त्यानं बसवली नव्हती. डबा घेऊन तो निघाला आणि, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, आधी सगळ्यात लांबच्या विहिरीवर गेला.

ती विहीर चतुराकाकूची. काकू एकट्याच राहायच्या, तारेच्या पार शेवटच्या टोकाला. बद्रीनाथ पेटी उघडून बसला तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि बांधावर टेकल्या.

"काय बिघडलंय रे?"

"काही नाही काकू. जरा बघतो."

"बघ बाबा. तुझा ऑटो आल्यापासून माझी मोटर नुसती घुं घुं करती, पाणी फेकत न्हाई. आधी असं नव्हतं. आधी सगळे थांबायचे ना."

"कशाला थांबायचे?"

"म्हंजे? तुझा बापबी थांबायचा की! विसरला का?" काकू हसल्या. "तार ओढली तवाच भुजंगानं नेम घालून दिल्ता. करंट आमच्यापर्यंत येऊस्तोर दमतोय म्हणे, म्हणून शेवटच्या विहिरीनं पहिलं घ्यायचं. माझं पाणी हौदात पडायचं, ते पांढरं दिसलं की मंग बाजूचा बटण दाबायचा, मंग त्याच्या बाजूचा. पुंजाराम डीपीला लागून, तर तो सगळ्यात मागं. वीस वर्सं कुणी नेम मोडला न्हाई. तुझ्या पेटीला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं."

बद्रीनाथला आठवलं. वडील बटणावर बोट ठेवून उभे असत आणि लांब बघत असत. हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. मोटर चालू करायची पेटी करताना मात्र त्याला फक्त बटण आठवलं, वडिलांचं ते थांबणं आठवलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. काकू भाकरी खायला थांब म्हणाल्या, पण तो थांबला नाही. पेटी परत बंद करून, चिप न बदलताच, तो जालन्याला गेला आणि दिवेलागणीला बसून सतराही चिपा पुसून पुन्हा भरल्या. एक नंबर काकूला, सतरावा पुंजारामला.

अकराव्या दिवशी नवी डीपी आली, तिच्यामागून जीपमधून साहेब आले. मारुतीच्या पारावर खुर्ची टाकली. भुजंगमामा इस्त्रीचा सदरा घालून बाजूला उभा होता. साहेबांनी जाड तार हातात धरून विचारलं, "ही तुम्ही बसवली?"

"डीपी माझ्या ताब्यातली हाय सायेब," भुजंगमामा म्हणाला. "माझीच जबाबदारी."

"साहेब," बद्रीनाथ उठला. "डीपी तारेनं नाही जळाली. माझ्या ऑटोंनी जाळली. सतरा मोटरी एकाच सेकंदाला चालू होतात. चूक माझ्या प्रोग्रामात आहे."

पुंजारामदादा म्हणाला, "बद्री, काहीबी काय बोलून राह्यला?" साहेबही हसले. "एवढीशी पेटी डीपी जाळते?"

"नवी डीपी बसली की साधी फ्यूजची तार लावून बघा."

डीपी बसली. फ्यूजची बारीक तार लावली. लाइट सोडली. अख्खं गाव डीपीभोवती जमलं होतं, आणि बद्रीनाथ मोठ्यानं आकडे मोजत होता. साठ म्हणताच खाट् झालं आणि फ्यूज फटाक्यासारखा उडाला. साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा साठ, पुन्हा खाट्, पुन्हा फटाका. साहेब डिप्लोमावाले नव्हते, डिग्रीवाले होते. पण कळायचं ते त्यांना दोनदात कळलं. "म्हणजे फ्यूज रोज उडायचा," ते सावकाश म्हणाले, "आणि कुणीतरी कंटाळून जाड तार टाकली." पुंजारामदादा आपल्या चपलांकडं बघत होता. साहेबांनी त्या चपलांकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. बद्रीनाथकडून मात्र सगळं लिहून घेतलं, सही घेतली. "संध्याकाळपर्यंत बदलून दाखवा," म्हणाले.

डबा बरोबरच होता. शेवटच्या विहिरीपासून सुरुवात करायची म्हणून तो निघाला, तर भुजंगमामा सोबतीला आला. बांधाबांधानं दोघं चालू लागले. निम्म्या वाटेवर भुजंगमामा एकाएकी थांबला. तो रागावला होता.

"तोंड कशाला उघडलं रे? म्या तर घरी बसून राह्यलो. तीन महिन्यांनी तसाबी बसणारच होतो. तुझा सारा धंदा पुढं पडलाय. आता कोण घेतंय तुझा ऑटो?"

"मामा, म्हणजे तुम्हाला..."

"तीस वर्सं मोटरींचा आवाज ऐकतोय. कोणाची कवा लागली, घरात बसून सांगतो. सतरा मोटरी एका ठोक्यात लागल्या ते मला कळणार न्हाई? दिवाळीतच कळल्तं."

बद्रीनाथनं विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं," भुजंगमामा म्हणाला, "तर तू त्याच मिनिटाला जाऊन कबूल केलं असतंस. तुझा स्वभाव का मला ठावा न्हाई? म्हणून न्हाई सांगितलं."

अकरा दिवस, एक डबा, एक युक्ती. सगळं बद्रीनाथच्या ओठांवर आलं होतं. पण भुजंगमामा पुढं चालू लागला होता, आणि त्याच्या पाठीकडं बघून ते सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

चार वाजता लाइट सोडली. आधी कुठंच काही हललं नाही. मग पार टोकाला, चतुराकाकूच्या हौदात पाणी पडलं, पांढरं. दहा सेकंदांनी अलीकडची मोटर लागली, मग तिच्या अलीकडची. आवाज एकेक विहीर करत डीपीकडं चालत आला, आणि सगळ्यात शेवटी पुंजारामदादाची मोटर लागली. फ्यूज जागच्या जागी होता. भुजंगमामानं डोळे मिटून सतरा मोजले आणि मान हलवली.

तीन महिन्यांनी तो डागाशिवाय निवृत्त झाला. जाफराबादच्या दुकानदारानं मागणी रद्द केली. बद्रीनाथच्या ऑटोला पुढं वर्षभर कोणी हात लावला नाही. नंतर लोकांनी घेतले ते डीपीनिहाय नंबर घालून, टोकाच्या विहिरीपासून. मग मोबाइलवर मोटर चालू करायचे दिवस आले, त्यात तो पुन्हा उभा राहिला. बी मोजायच्या यंत्राचा किस्सा सांगणं मात्र त्यानं सोडलं. प्रभावतीला चुकल्यासारखं व्हायचं.

दोन हजार चार साली भुजंगमामाच्या नातीचं लग्न होतं. मामा थकला होता, काठी घेऊन मांडवात बसला होता. बद्रीनाथ पाया पडायला वाकला, तसं त्यानं त्याचा हात धरून नव्या व्याह्यांना दाखवलं.

"हा आमचा बद्री. लई मोठा इंजिनेर हाय. पर माणूस कसा? चूक कळली, तर एक दिवस थांबला न्हाई. त्याच दिवशी सायबापुढं उभा राहून बोलला."

"त्याच दिवशी?" व्याही कौतुकानं म्हणाले.

"बिलकुल. त्याच दिवशी," भुजंगमामा म्हणाला.

बद्रीनाथनं हात जोडले. सरकीच्या दाण्यापासून सेकंदाच्या तुकड्यापर्यंत आयुष्यभर एक आकडा चुकू दिला नव्हता त्यानं. तेवढा एक त्यानं दुरुस्त केला नाही.